पिवळी घडवंची

१४ मार्च, धूलिवंदन
आजपासून रोज लिहायचं. कमी लिहिलं तरी चालेल, खरं लिहायचं. वाचणारी मीच आहे, खोटं लिहून कोणाला फसवणार?

सुनिल सणाला माजरीहून आला होता. संध्याकाळच्या गाडीने परत गेला. जाताना चपला घालता घालता म्हणाला, "आई, टिनाचं शेड खाली कर. मी गाडी घेऊन राह्यलो, ठेवाले जागा पायजे. ते साचे भंगारात देऊन टाक."

मी म्हटलं, ते तुझ्या बाबाचे साचे आहेत.

"मले मालूम हाय. पन आता कोन वापरते?"

"मी," म्हटलं. आधी ठरवलेलं काही नव्हतं. तोंडातून गेलं.

सुनिल हसला. वाईट हसला नाही, पण हसला. मग मी पुढचंही बोलून बसले. रंगीत घडवंची करणार, पिवळी. यांनी जन्मभर सिमेंटच्या घडवंच्या केल्या, तीन घागरी बसतील अशा तीन खळग्यांच्या. सगळ्या करड्या. दरवर्षी म्हणायचे, "एखादी पिवळी काढाची हाय. हयदीसारखी. रस्त्यावरून दिसली पायजे." ती राहूनच गेली. हे गेले त्याला दोन पावसाळे झाले.

सुनिल म्हणाला, "बरं. अक्षय तृतीयेपर्यंत एक चांगली काढून दाखव. निघाली तं साचे राह्यले. नाई तं मी इसरूचा टेम्पो घेऊन येतो."

पक्कं झालं. दीड महिना आहे. दीड महिन्यात दहा काढीन.

१५ मार्च
शेड उघडलं. चार लहान साचे भिंतीत बसवायच्या सिमेंटच्या जाळीचे, मागे भिंतीशी. मोठा घडवंचीचा. सगळ्यांवर धूळ, आणि एका कोपऱ्यात मांजरीचा संसार. मांजरीला सांगितलं, महिनाभर सांभाळून घे.

मोठ्या साच्याच्या कोपऱ्यात जुनं सिमेंट चिकटलेलं आहे. यांच्या शेवटच्या घडवंचीचं. खरवडायला बसले. अर्धं निघालं. अर्धं राहू दिलं. तेवढ्याने काय बिघडतं?

१६ मार्च
कामाला सुरुवात. रंग विकत आणायची गरजच नाही. काल-परवा गावभर उधळला, दुर्गाच्या घरी पिवळा गुलाल पिशवीभर उरला आहे. दुर्गा म्हणाली, "शकुबाई, सिमेंटले होळी खेळवून राह्यली का?" तिला म्हटलं, बघत राहा. दुर्गा शेजारी आहे आणि मनाची चांगली आहे, पण तिला दूरचं दिसत नाही.

मोठ्याला हात लावण्याआधी जाळीच्या लहान साच्यात करून पाहिलं.

१८ मार्च
साचा उघडला. रंग शेवाळासारखा. दुर्गा म्हणते शेणासारखा. उन्हात ठेवला की उजळेल.

१९ मार्च
उजळला नाही. उडाला. सिमेंट होतं तसं करडं, आणि माझे दोन्ही हात पिवळे. बँकेत गेले तर तिथला पोरगा म्हणाला, "काकू, कोनाची हयद होती?" मी म्हटलं, माझ्या घडवंचीची.

जाळी उचलली तर तिचा एक कोपरा हातात राहिला. गुलालात पीठ असतं म्हणे. दोष गुलालाचा आहे, माझा नाही. हे लिहून ठेवते.

२२ मार्च
वाचनालयातून बांधकामावरचं पुस्तक आणलं. जाड आहे. मी शाळेत गेले नाही. हे सिमेंट कालवायचे आणि मी पोत्यावरची अक्षरं लावत बसायची. हिंदीत लिहिलेलं असायचं, "नमी से बचाएँ". ते वाक्य माझं मी वाचलं तेव्हा यांनी हातातली थापी खाली ठेवली होती. तेव्हापासून भजीच्या कागदापासून सगळं वाचते. हे पुस्तकही वाचून काढीन.

पहिली चार पानं वाचली. झोप लागली. रंगावरचं प्रकरण मागे आहे, त्यात "प्रमाण" नावाचा एक तक्ता आहे. किचकट दिसतो. नंतर.

२४ मार्च
नीळ घालून पाहिली. पिवळ्यासाठी नाही, अभ्यासासाठी. चुन्यात नीळ घालून अख्खं गाव घरं रंगवतं, मग सिमेंटात का नको? निघाली तेव्हा आभाळासारखी होती. दुर्गासुद्धा दोनदा येऊन पाहून गेली.

२८ मार्च
नीळ फिकी पडत चालली. आज तर धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्यासारखी दिसते. चुना नुसता वर बसतो, सिमेंट आतून खातं, असा माझा अंदाज. पुस्तकात पाहायला हवं. नंतर.

एक मात्र मोठी गोष्ट सापडली. हे साच्याला आतून गॅरेजमधलं जळकं ऑइल लावायचे, म्हणजे माल सुटून येतो. तेच मी लावलं, तर निळ्यावर काळे डाग. पिवळ्यावर तर किती दिसतील! म्हणून ठराव: ऑइल बंद. यांना करडं करायचं होतं, त्यांचं चालून गेलं. लहान साचा ठोकला की सुटतो, मोठाही सुटेल.

३० मार्च, पाडवा
सकाळी गुढी उभारताना डोक्यात लख्ख पडलं. हे कायम हळदीसारखी म्हणायचे. मग हळदच का नको? घरची आहे, दळलेली आहे, पीठ नाही, भेसळ नाही. दीड महिना मी काखेत कळसा घेऊन फिरत होते. (दीड नाही, पंधराच दिवस झाले. वेळ भरपूर आहे.)

दुपारी कालवलं. सिमेंट, रेती, पाणी, आणि वरून हळद. दुर्गा मोहफुलं वेचून आली होती, टोपली उतरवून बघत उभी. थापी फिरवली आणि घमेल्यात सगळं लाल व्हायला लागलं. आधी विटेसारखं, मग गडद. मी अजून हळद टाकली. अजून लाल.

दुर्गा हसत हसत खालीच बसली. "अवं शकुबाई! हयद अन् चुना! कुकू करून राह्यली तू कुकू!"

मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या आईने घरी हळदीला चुना लावून कुंकू केलेलं मी पाहिलं आहे. सिमेंटातही तोच खार असतो, हे हाताला कळत होतं, डोक्याला कळलं नाही.

दुर्गाचं हसू अर्ध्यात थांबलं. माझ्या कपाळाकडे पाहिलं तिने आणि मग टोपलीतली फुलं उगाच खालीवर करायला लागली. मी म्हटलं, "हास ना, थांबली काऊन?" मग दोघी हसलो. मग मी लाल सिमेंट साच्यात भरलं. वाया कशाला घालवायचं.

५ एप्रिल
कुंकवाची जाळी अंगणात ठेवली होती. येणारे-जाणारे थांबून पाहत होते. कोतवाल म्हणाला, "बाई, रंग मस्त धरला." मी पाणी मारताना रोज पाहायचे. खोटं कशाला लिहू, आवडली होती.

आज पूर्ण करडी. ऊन पंचेचाळीसच्या वर आहे, हळद कशी टिकणार? यांना लाल नकोच होता, पिवळा हवा होता. बरंच झालं.

७ एप्रिल
चंद्रपूरला गेले. बस उभी भरलेली, मूल-चंद्रपूर रस्त्यावर वाघ दिसला म्हणून ड्रायव्हरने गाडी थांबवली, सगळे खिडकीशी. वाघ नव्हता, पट्ट्यापट्ट्यांची बांडी गाय होती. मला कशाचं काय, माझ्या डोक्यात पिवळा.

हार्डवेअरचा दुकानदार म्हणाला, "बाई, सरळ टाइल्स घ्या ना, पिवळ्या हायेत." मी म्हटलं, टाइलवर घागर बसते का? मग तो म्हणाला, सिमेंटचा रंग वेगळा येतो, लोखंडाच्या गंजापासून करतात, तो उडत नाही. पिवळासुद्धा गंजच. मला हे फार आवडलं. आपल्या साच्यांवर इतका गंज आहे की अर्धी घडवंची तशीच निघेल. तो म्हणाला, तसं नसतं.

आणखी म्हणाला, करड्या सिमेंटात पिवळा मेंदीसारखा दिसतो, पांढरं सिमेंट घ्या. अख्ख्या जिल्ह्यावर सिमेंटची धूळ उडते, पण पांढरं घ्यायला दुकानात जावं लागतं. एक लहान पिशवी घेतली. रंगाचे डबे दोन घेतले. एक पुरेल म्हणत होता. त्याला माझी घडवंची माहीत नाही.

१० एप्रिल
जिंकले.

पांढरं सिमेंट, चमचाभर रंग, वाटीत घालून पाहिलं. आज वाटीतून उलटं करून काढलं. पिवळं! हळदीसारखं नाही, हळदीचं. वर गुळगुळीत. हातावर घेऊन सकाळभर फिरले. मांजरीला दाखवलं. यांच्या फोटोसमोर ठेवलं. हे म्हणायचे, "तोंड खाली, पाठ वर. साचा उघडेपर्यंत आपल्याले पाठच दिसते." वाटीतलंही तसंच झालं, वर खरखरीत पाठ आणि खाली हे तोंड.

सुनिलला फोन केला. म्हटलं, झालीच समज. तो म्हणाला, "झाली का घडवंची?" म्हटलं, वाटी झाली. तो म्हणाला, "आई, जेवली ना?"

११ एप्रिल
हिशेब सरळ आहे. चमचाभर रंगाने इतकं पिवळं, तर जास्त रंगाने जास्त पिवळं. आणि रंग लोखंडाचा आहे, म्हणजे मजबुतीही जास्त. लोखंड घालून कमी मजबूत झालेलं मी कधी ऐकलं नाही. तक्ता वाचायची गरजच उरली नाही.

१४ एप्रिल
जाळीच्या साच्यात मोठी तालीम केली. अख्खा डबा ओतला. पिठलं करताना बेसन ओततो तसा. गंमत म्हणजे माल पाणी पितच सुटला. टाकलं की कोरडा, टाकलं की कोरडा. रंग फार बारीक असतो, त्याला तहान जास्त. मी हात आखडला नाही.

१७ एप्रिल
दोन दिवस मऊच होती. आज घट्ट झाली आणि लगेच तडकली. कडा बोटाने सुटतात. दुर्गाने एक तुकडा उचलून पाहिला. "चहात बुडवाले बरी हाय. बिस्कूट." तिचा नवरा इतवारी कुंपणापलीकडून म्हणाला, "माह्यासाठी दोन ठेवजा."

रंग मात्र झकास आला आहे. तडेसुद्धा पिवळे.

१९ एप्रिल
नाइलाजाने तक्ता वाचला. शंभर भाग सिमेंटला दहाच्या आत रंग. त्यापुढे घातला तर रंग फारसा वाढत नाही, पाणी जास्त लागतं, पाणी उडालं की माल आकसतो, तडे जातात, ताकद घटते. सगळं लिहिलेलं आहे. इतकी महत्त्वाची गोष्ट दोनशे साठाव्या पानावर कोण लिहितं? पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात हवी. वाचनालयवाल्याला सांगणार आहे.

२१ एप्रिल
वाटीवर पांढरी बुरशी आली. फोटोसमोरच्या. घाबरून पुसली, परत आली. पुस्तकात सापडलं (आता मी मागूनच वाचते): सिमेंटातला खार पाण्याबरोबर वर येतो आणि सुकला की पांढरा दिसतो. गडद रंगावर उठून दिसतो, करड्यावर कळत नाही. म्हणून हे जन्मभर करडंच करत राहिले की काय? विचारायला हवं होतं. अशा कितीतरी गोष्टी विचारायच्या राहिल्या, आणि मी त्यांना रोज काय विचारत होते? भाजी काय करू.

चिंचेच्या पाण्याने वाटी पुसली. बरी दिसते.

२४ एप्रिल
पांढरं सिमेंट घडवंचीपुरतं उरलेलं नाही. चंद्रपूरला जाऊन यायला अंगात त्राण नाही, ऊन असं की दुपारी कुत्रीसुद्धा नळाखाली बसतात. पण पुस्तकात उपाय आहे: खाली तोंडाला रंगीत थर, वर पाठीला साधं करडं. मोठे कारखानेही असंच करतात म्हणे. यांनी हे ऐकलं असतं तर उडीच मारली असती.

२६ एप्रिल, पहाटे
आज मोठा साचा. उन्हाआधी.

उन्हात ठेवला तर परत तडकेल. सावली फक्त शेडच्या दारात. म्हणून साचा ओढून दारातच बसवला. इतवारीने हात लावला. "बाई, दारात काऊन? मंग आत कसं जाल?" म्हटलं, आत जायचंच काय आहे, जाळीचे साचे मागे आहेत, ते आता लागत नाहीत.

ऑइल लावलं नाही. ठरावाप्रमाणे.

रंग तक्त्याप्रमाणे मोजून घातला. डब्याच्या तळाशी थोडा उरला होता, तोही घातला. टाकून कसा द्यायचा? पिवळा थर खाली, तिन्ही खळग्यांवरून नीट. त्यावर करडं. सळईने ठोकताना दोन्ही थर थोडे मिसळले असतील. पण थोडेच. वर ओलं पोतं घातलं.

मान दुखते. मन एकदम हलकं आहे.

२८ एप्रिल
पोतं तीनदा भिजवते. आज थोडं उचलून पाहिलं. पाठ करडी, दगडासारखी. नखाने ओरखडा पडत नाही. या वेळेला बिस्कीट नाही.

सुनिलला फोन केला. टेम्पोवाल्याला नको सांगू म्हटलं. तो म्हणाला, "सांगून झालं आई. पाहू ना आल्यावर."

२९ एप्रिल
साचा उघडायला घेतला. बोल्ट निघाले. बाजू निघत नाहीत. ठोकलं. इतवारीने ठोकलं. दुर्गाने ठोकलं आणि वर बोलली, "ऑइल लावलं व्हतं ना वो?" तिला म्हटलं, तू मोहफुलं बघ.

खळगे पाडणाऱ्या आतल्या तीन घुमटांना आणि कोपऱ्यातल्या त्या जुन्या सिमेंटाला माल असा धरून बसला आहे की साचा आणि घडवंची आता दोन राहिलेच नाहीत.

काळजी नाही. उद्या सुनिल येतो, त्याच्या हाताला जोर आहे.

३० एप्रिल, अक्षय तृतीया
सकाळी यांच्यासाठी घागर भरायची असते. नवी मातीची आणून ठेवली होती. कुठे ठेवायची ते ठरलेलं होतं.

सुनिल नऊला आला. मागे इसरूचा टेम्पो, त्यात दोरखंड आणि घण. सून दिव्यानी पुरणासाठी कालच आली होती, ती घराच्या दारातून बघत होती. सुनिलने शेडकडे पाहिलं. दारात साचा. "आई, हे काऊन इथी?"

"सावली."

त्याने आणि इसरूने ओढून पाहिलं. इतवारीही लागला. जागचा हलेना. इसरूने चहूबाजूंनी फेरी मारली आणि घाम पुसत म्हणाला, "भाऊ, हे भंगार नोहे, हा पहाड हाय. अन् याच्यामागचे साचे हा हालल्याबिगर निंगत नाई. टेम्पोत काय टाकू मी?"

"याले फोडलं तं निंगते," सुनिल म्हणाला आणि घण उचलला.

दुर्गा पुढे झाली, वाकून पाठीवर बोट फिरवलं. "हे तं करडीच हाय."

"ती पाठ आहे," मी म्हटलं. "तोंड खाली असते. पिवळं खाली आहे."

"पाह्यलं का तू?" दुर्गा म्हणाली.

सुनिलने घण खांद्यावर तसाच धरला होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "आई, खरंच पिवळी निंगाली का?"

"हळदीसारखी."

त्याने त्या करड्या पाठीकडे पाहिलं. बापासारखा डोक्यावर हात फिरवला. मग घण खाली ठेवला आणि म्हणाला, "वरून तं बाबाच्या हातचीच दिसते."

इसरूला रिकामं जायचं नव्हतं. तो दुर्गाची मोहफुलांची पोती घेऊन गेला.

मी चुंबळ ठेवली, त्यावर घागर. पाठ सपाट आहे, खळगे खाली आहेत, त्यामुळे घागर एकच बसली. सुनिलने पाणी ओतलं. थोडं सांडलं. ओली झाल्यावर पाठ काळपट दिसली, आणि कडेला एका जागी किंचित शेवाळासारखी. ती ओल आहे.

गाडी आता चिंचेखाली ठेवणार म्हणतो. साचे इथेच राहिले. हे मी दारात साचा ठेवतानाच ओळखलं होतं, असं आता नीट आठवतं.

जाताना सुनिल म्हणाला, पावसाळ्यात गंजून साचा सुटेल, तेव्हा उघडून पाहू. मी म्हटलं, काही घाई नाही. चांगली बाजू खाली आहे.